चालत्या माहेरी विरूचं जावळ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते आणि पुढंही सांगत राहणार आहे. कारण ती पायरी चढेपर्यंत आमच्या घराला पायऱ्याच काय, धड दारही नव्हतं.

आमची वाडी सांगोला तालुक्यातली. पाऊस तिथं घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा, चहासुद्धा न घेता निघून जायचा. दसरा झाला की दाराच्या कडीला तार गुंडाळायची, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरांच्या मागं निघायचं, ते पावसाळा तोंडावर येईपर्यंत. ज्याच्या रानात मेंढरं रात्री बसतील त्याला खत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. माझं निम्मं बालपण घोड्याच्या पाठीवर, कोंबड्यांच्या शेजारी गेलं. एका हिवाळ्यात अवकाळी गारा पडल्या. सकाळी उठून बघतो तर निम्मी कोकरं ताठ होऊन पडलेली. आई त्या दिवशी चुलीकडं गेलीच नाही. त्या वर्षी आबांना हाताखाली माणूस हवा होता आणि माणूस ठेवायची ऐपत नव्हती. म्हणून माझ्या थोरल्या भावाची, धुळादादाची, शाळा चौथीत सुटली. मी सांगोल्याच्या वसतिगृहात राहिले, शिकले. दादा आजही म्हणतो, "मला शाळंचा कंटाळाच हुता. तू उगं मनाला लावून घिऊ नगंस." खरं-खोटं बिरोबाला ठाऊक.

आता आईआबा थकले, वाडीतच असतात. मेंढरं दादा आणि वहिनी सांभाळतात. मी सोलापुरात, शुक्रवार पेठेत राहते आणि एका शाळेत मराठी शिकवते. नवरा चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. घरात सासूबाई, चौथीतली रेणू आणि तिसरं वर्ष चालू असलेला विरू. हा प्रवास घडला तो विरूच्या केसांमुळं.

मुलाचे पहिले केस कापायचे ते मामाच्या मांडीवर बसवून, आणि तेही पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी. विरूच्या पहिल्या वर्षी मेंढरांत खुरकुताची साथ आली आणि दादाला हलता आलं नाही. या उन्हाळ्यात तो मुद्दाम जावळासाठी सोलापूरला आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, गालांपर्यंत मिशा. विरूनं त्याला दारात पाहिलं आणि जो पलंगाखाली शिरला, तो दादा स्टँडवर गेल्यावरच बाहेर आला. दादा सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसला होता. जाताना म्हणाला, "घोंगड्याचा वास आला आसंल त्याला. शेरातलं लेकरू हाय."

मग केस वाढतच गेले. रेणू त्याच्या दोन वेण्या घालायची, वर रिबिनी. बालवाडीच्या नाचात बाईंनी त्याला मुलींच्या रांगेत उभं केलं. बाजारात बायका म्हणायच्या, "किती गोड मुलगी!" हे इतक्या वेळा झालं की कुणी नाव विचारलं की विरू सांगायचा, "गोड मुलगी."

सासूबाईंनी शेवटी निकाल दिला. "दिवाळीनंतर त्याला चौथं लागतंय. पाचव्यापर्यंत मी ह्या वेण्या बघत बसायची नाय. दिवाळीत उरका. मामाला जमत नसंल तर शेजारच्या राजूला मांडीवर बसवू. मानलेला मामा पण मामाच की."

राजू चांगला मुलगा आहे. पण माझ्या पोरांच्या आयुष्यात दादाचा म्हणून असा एकच मान होता, आणि तो मला राजूला द्यायचा नव्हता. मामा येऊ शकत नाही तर भाचा जाईल, असं मी ठरवलं.

अकलूजला उतरल्यावर

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी निघालो. दिवाळीतल्या एसटीचं वर्णन करत नाही. गेलेल्याला सांगायची गरज नाही आणि न गेलेल्याला पटायचं नाही.

बाकीच्या बायकांचं माहेर एका जागी असतं. माझं चालतं. दादा सकाळी फोनवर म्हणाला होता, "अकलूजच्या अलीकडं हाय आमी. लोकेशन धाडतो की." त्यानं खरंच धाडलं, तेही हलतं-चालतं. आमचे हे खूश झाले. स्टँडवर रिक्षा ठरवली, फोन हातात धरला आणि पुढं बसून "डावीकडं, आता सरळ" असं सांगू लागले.

दोन्ही बाजूंना ऊस, वाऱ्यानं सळसळणारा, डोक्याच्या वर गेलेला. मध्येच कालवा लागला, काठोकाठ भरलेला. रेणू एकदम उभी राहिली.

"आई, एवढं पाणी आलंय! कुणी भरत का नाही?"

आमच्याकडं नळाला पाणी आलं की पेठेत जी पळापळ होते, ती बघत वाढलेली पोरगी ती. वाहतं पाणी आणि शेजारी एकही घागर नाही, हे तिला बघवेना. रिक्षावाला हसला. "बाळा, हितं रोजच असतंय ते."

"रोज?" रेणूनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला चुकीच्या गावी जन्माला घातलं.

लोकेशनचा ठिपका मात्र थांबेना. आम्ही जवळ गेलो की तो पुढं. हे म्हणाले, "रेंज नाहीये." रिक्षावाला म्हणाला, "साहेब, मला तर वाटतंय आपण कुणाच्या तरी मागं लागलोय." शेवटी एका वळणावर गाठलं. समोर एक पांढरा घोडा. त्याच्यावर भांडी, गोधड्या, डालग्यात कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बांधलेल्या पिशवीत दादाचा फोन. लगाम धरून वहिनी पुढं चालत होती.

मग माझ्या लक्षात आलं. मुक्काम हलवायचा असला की बायका घोडं घेऊन सडकेनं पुढं जातात आणि गडी मेंढरं चारत रानारानानं मागून येतात. लहानपणी मी त्याच घोड्यावर बसत होते. पण शहरात राहून मी विसरले, आणि दादानं काम करताना पडायला नको म्हणून फोन बिऱ्हाडात बांधला. आम्ही तासभर एका घोड्याचा पाठलाग करत होतो.

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. "आवं दाजी, घोड्यालाच भेटायला आलासा व्हय!"

मुक्काम

मका काढून झालेल्या रानात पाल, म्हणजे आमचा तंबू, टाकायचं होतं. आम्ही वहिनीला सामान उतरवू लागलो. म्हणजे मी लागले. हे कोंबड्यांचं डालगं कुठं ठेवायचं यावर विचार करत उभे राहिले. दिवस कलताना मेंढरं आली. आधी धूळ, मग आवाज, मग तो वास. तो वास आला आणि मला आई आठवली. रेणूला शिंक आली.

दादा आला. मी पाया पडले. त्यानं काठी टेकवून लांबूनच विरूकडं पाहिलं. या वेळी तो शहाणा झाला होता. पटका काढून ठेवला, घोंगडं काढून ठेवलं, कालव्यावर जाऊन तोंड धुऊन आला. खिशातून गोळी काढली आणि उकिडवा बसून म्हणाला, "ये रं विरू. मामा हाय मी तुझा."

विरूनं आभाळाकडं तोंड करून असं काही भोकाड पसरलं की बांधलेली कुत्री भुंकायला लागली, कुत्र्यांमुळं घोडं बिथरलं आणि कोंबड्या पालात शिरल्या. दादा गोळी हातात घेऊन तसाच बसून राहिला. मग ती गोळी त्यानं रेणूला दिली.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी आणि हुलग्याचं माडगं. रेणूनं विचारलं, "मामा, तुमचं बाथरूम कुठंय?" दादानं हात लांब करून क्षितिजापर्यंत फिरवला. "हे काय, सगळं तुझंच हाय." तिनं पाण्याचा तांब्या लांब सरकवला.

एक मात्र झालं. पालाच्या बाजूला जाळी लावून लहान कोकरं ठेवलेली होती. विरू त्यांच्यात जाऊन बसला तो उठेना. ती त्याचे केस चघळत होती आणि हा खिदळत होता. मामापेक्षा मामाची मेंढरं त्याला पसंत पडली होती.

भाऊबीज

सकाळी शेळीच्या दुधाचा चहा झाला. मी दादाला ओवाळलं. सोलापुरात आम्ही पाट, रांगोळी, चांदीचं निरांजन असं सगळं मांडतो. इथं पोतं अंथरलं आणि वारा लागू नये म्हणून वहिनी आणि रेणू घोंगडं धरून उभ्या राहिल्या. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, धूर गेला. निरांजनाला कसला आलाय धूर!

जावळ आजच करायचं ठरलं होतं. जवळच्या वस्तीवरचे एक न्हावीदादा मोटरसायकलवर आले. वहिनीनं नवा खण आणला होता, केस झेलायला. दादा आंघोळ करून, नवा सदरा घालून, मांडी घालून बसला. त्याचं बसणं बघून मला हसू आलं. फोटो काढायला बसल्यासारखा ताठ.

न्हावीदादांनी यंत्र सुरू केलं. घुर्रर्र.

विरू माझ्या कडेवरून घसरला आणि पळाला. नुसता पळाला नाही, मेंढरांच्या कळपात घुसला. मग सुरू झाली शोधाशोध. पाठी सगळ्या सारख्याच काळ्या, आणि मधूनच एक काळं डोकं वर यायचं आणि बुडायचं. हे एका बाजूनं शिरले, न्हावीदादा दुसऱ्या बाजूनं. ह्यांनी "धरला, धरला!" म्हणून ज्याला मिठी मारली, ते बें करून ओरडलं.

सापडला तेव्हा विरू रडून रडून काळानिळा झाला होता. दादानं हात पुढं केला तर त्या हाताला चावला. न्हावीदादा बराच वेळ थांबले. दुकानात सणाची गर्दी होती, ते तरी किती थांबणार? "पोरगं मोठं झाल्यावर बघा," म्हणाले आणि गेले.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मी फोन कानाला लावायच्या आत रेणूनं स्पीकर चालू केला.

"झालं का गं?"

"नाही आई. रडतोय."

"मी म्हटलंच होतं. ओळख ना पाळख, लेकरू बसंल कसं त्याच्या मांडीवर? या तुमी उद्या. राजूला सांगून ठेवते. त्याच्याकडं खेळतंय तरी ते."

दादा समोरच बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. नव्या सदऱ्याची बटणं सोडत म्हणाला, "बराबर हाय त्यांचं. राजूच्या मांडीवर बसवा. लेकराला रडवून कसला आलाय मान?"

"दादा, असं काय बोलतोस?"

"आगं, खरंच सांगतो. त्येला मी म्हंजी बागुलबुवा." तो हसला आणि काठी घेऊन मेंढरांकडं गेला. वहिनी भांडी घासत होती. तिची घासायची गती वाढली, एवढंच.

मी पोरांना कविता, व्याकरण, रांगेत उभं राहणं, सगळं शिकवते. पण मामा ही गोष्ट शिकवता येत नाही. ती रोज दिसावी लागते. दादा आमच्या पोरांना वर्षातून एकदा दिसतो, आणि उरलेला काळ फोनमधला एक आवाज असतो, मागं मेंढरांचा गलका असलेला. मुलाला मी चांगलं घर दिलं, चांगली शाळा देईन. पण त्या घरात त्याच्या मामाला कडेला अंग चोरून बसावं लागतं, हे मला त्या दिवशी प्रवासाला निघून कळलं.

कातरणी

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला परत निघायचं होतं. दादानं सकाळीच लोकर कातरायला काढली. पाहुणे आहेत म्हणून काम थांबत नाही, आणि मला वाटतं त्याला आमच्याकडं बघायचंही नव्हतं.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मेंढीचे पाय सैलसर बांधतात आणि तिला आडवी घेतात. कातर मोठी, लोखंडी, दोन पात्यांची. दादा मेंढीचं डोकं आपल्या मांडीवर घेतो, डाव्या हाताची बोटं कातडीवर पसरतो आणि त्या बोटांच्या वरून कातर चालवतो. चुकली तर त्याचं बोट कापावं, मेंढीचं अंग नाही. आणि सारखा बोलत असतो. "गप, माझी बाय. झालंच की. लई गरम हुतंय न्हवं? आता बघ कसं गार वाटतंय." मेंढी डोळे मिटून पडून राहते. एका मेंढीच्या लोकरीचा पसारा घोंगडीएवढा होतो आणि त्यातून एक किरकोळ अंगाचं, वेगळंच जनावर उठून पळतं.

विरू आधी माझ्या साडीमागून बघत होता. मग दगडावर बसून. मग दगड सोडून पुढं.

कातरलेली पहिली मेंढी उठली आणि तिचं कोकरू तिच्याजवळ गेलं. बघितलं, आणि ओरडत मागं फिरलं. ही आपली आई नव्हे! विरू घाबरून दादाकडं वळला. दादाशी तो बोलला ती पहिलीच वेळ.

"त्याची आई हरवली?"

दादानं हातातलं काम सोडलं नाही, मानही वर केली नाही. रानातल्या पाखराशी बोलावं तसं बोलला. "न्हाय रं. हाय की तितंच. थांब जरा. वास घिऊ दे."

मेंढी बें करून बोलली. कोकरू थांबलं, नाक पुढं केलं, आणि एकदम तिच्या पोटाखाली शिरून शेपूट हलवत प्यायला लागलं.

"सापडली!" विरू टाळ्या पिटत म्हणाला.

"सापडनार न्हाय तर काय? केसं गेली म्हनून आई बदलती व्हय?"

विरू तिथंच कोकराकडं बघत बसला. दादानं दोन-तीन मेंढ्या उरकल्या. पुढची आणायला तो उठणार, तेवढ्यात विरू हातापायांवर आला आणि रांगत रांगत, वेण्या भुईला लोळवत, त्याच्यासमोर गेला. दादाच्या मांडीवर डोकं टेकलं, डोळे मिटले.

"बें," विरू म्हणाला. "माझं पण."

दादानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या हातात मेंढरांची कातर तशीच होती.

रीत अशी की मामानं फक्त मांडीवर घ्यायचं आणि न्हाव्यानं कापायचं. न्हावी केव्हाच गेला होता. मी म्हणाले, "काप."

"थांबा!" हे ओरडले. "ती कातर... उकळून तरी घ्या!"

बरोबर होतं त्यांचं. वहिनी चहाचं पातेलं घेऊन धावली. पण पाणी उकळेपर्यंत विरूनं मेंढी राहायला हवं होतं. रेणूनं मक्याचा हिरवा पाला आणून त्याच्यासमोर धरला. त्यानं तो खाल्लासुद्धा. हे, कारखान्यात चाळीसेक माणसांना दरडावणारा माणूस, चार पायांवर बसून बें बें करत होते, म्हणजे कळपात एकटेपणा वाटायला नको. दादा विरूच्या पाठीवरून हात फिरवत होता. "गप, माझा वाघ. झालंच की."

कातर धुऊन, पुसून आली. दादानं डाव्या हाताची बोटं विरूच्या डोक्यावर पसरली. पहिली बट पडली ती रेणूनं खणात झेलली. नंतर नंतर तिला केस कुठले आणि लोकर कुठली ते समजेना, म्हणून तिनं दोन्ही गोळा केलं. विरू रडला नाही. मध्येच एक डोळा उघडून त्यानं विचारलं, "गार वाटेल?"

"लई गार वाटंल."

झालं तेव्हा डोक्यावर पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या, कुठं जास्त, कुठं कमी. अगदी कातरलेल्या मेंढीसारखं. विरू उठला, अंग झाडलं आणि माझ्यासमोर येऊन काळजीनं उभा राहिला. मी काय करायला हवं ते मला समजलं. मी वाकून त्याच्या डोक्याचा वास घेतला. मेंढरं, धूळ आणि खोबरेल.

"हो," मी म्हणाले, "माझाच आहे."

मग तो मान वळवून दादाकडं बघत ओरडला, "मामा, तिनं ओळखलं!"

दादानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. या वेळी धुराचं नाव घेतलं नाही.

सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी विरूला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! हे काय केलंय? उंदरानं कुरतडल्यागत दिसतंय की!"

दादा फोनपुढं आला, हात जोडून बसला. "आत्याबाई, चुकलं-माकलं आसंल तर पदरात घ्या. मला येतंय तसं केलंय."

सासूबाई क्षणभर बघत राहिल्या. दादाच्या मांडीवर विरू पुन्हा जाऊन बसला होता आणि त्याच्या मिशीचं टोक ओढून बघत होता. "मांडीवर तुमच्याच झालं न्हवं?"

"व्हय."

"मग झालं तर. सारखं करायला सोलापुरात दुकानं काय कमी हायत?" आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "पुढल्या खेपेला आलात की जेवल्याबिगर जायचं नाय. आणि सोफ्यावर नीट मागं टेकून बसा."

केस कालव्यात सोडले. रेणूला ते पटलं नाही. एवढ्या चांगल्या पाण्यात केस कशाला, म्हणाली. दुपारची एसटी आम्ही चुकवली, कारण विरू अजून एका मेंढीचं बघायचं म्हणून उठेना. संध्याकाळच्या गाडीनं निघालो. दादा सडकेपर्यंत सोडायला आला, विरूला खांद्यावर घेऊन, त्याच घोंगड्यावर बसवून.

आम्ही सोलापूरला पोचलो. विरूचं जावळ तिसऱ्या वर्षातच झालं. ते धुळादादाच्या मांडीवर झालं आणि धुळादादाच्याच हातानं झालं. आता कुणी नाव विचारलं की तो "विरू" सांगतो, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो की मला एक मामा आहे.